आवड, कर्तेपण आणि उत्तरदायित्व : एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने

१

‘सर्वांत आवडता’ या शब्दप्रयोगाला समीक्षाव्यवहारात फारशी प्रतिष्ठा नाही. एखादी कादंबरी श्रेष्ठ आहे, असे विधान समीक्षक करतो तेव्हा त्या विधानाची कारणे देण्याचे बंधन तो स्वतःवर घालून घेत असतो. तीच कादंबरी आपल्याला आवडते, एवढेच तो म्हणाला तर संवाद बहुधा तेथेच संपतो. ज्याची त्याची आवड, असे म्हणून ऐकणारा गप्प बसतो. आवडीविषयी वाद घालण्यात अर्थ नाही, हा व्यवहारातला समज समीक्षेनेही फारशी चिकित्सा न करता स्वीकारलेला दिसतो.

व्यवहाराकडे थोडे बारकाईने पाहिले तर मात्र वेगळे चित्र दिसते. आंबा आवडणाऱ्या माणसाला तो का आवडतो, असे कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘गोड असतो म्हणून’ यापलीकडे उत्तर जात नाही. उलट एखाद्याला त्याचा आजवरचा सर्वांत आवडता व्हिडिओ गेम कोणता, असे विचारले तर नाव सांगून तो थांबत नाही. तो क्षणभर विचारात पडतो, दोनतीन नावे मनात घोळवतो, त्यांतले एक उच्चारतो आणि पुढचे वाक्य ‘कारण’ या शब्दाने सुरू करतो. कोणी कारण मागितलेले नसतानाही ते दिले जाते. आवड ही जर निव्वळ खाजगी बाब असेल तर कारणे देण्याची ही गरज कोठून निर्माण होते? आणि दिलेली कारणे नेमकी कशाची कारणे असतात : कृतीच्या गुणांची, की ती निवडणाऱ्या माणसाची?

हा प्रश्न कोणत्याही कलाप्रकाराच्या संदर्भात उपस्थित करता येईल. येथे व्हिडिओ गेमचा संदर्भ जाणीवपूर्वक घेतला आहे. वाचक, श्रोता आणि प्रेक्षक यांना गृहीत धरून आपला आस्वादविचार उभा राहिला आहे. ज्या कृतीत आस्वादकाला स्वतःच्या हातांनी काही करावे लागते आणि त्याने काही केले नाही तर कृती पुढेच सरकत नाही, अशा कृतीपुढे तो विचार कितपत टिकतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

२

आवडीच्या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी करताना कांटला वगळता येत नाही. १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत त्याने सुखद आणि सुंदर यांत भेद केला. सुखदाविषयी बोलताना ‘मला’ हा शब्द जोडून विधान मर्यादित करता येते. अमुक मद्य सुखद आहे, याऐवजी ते मला सुखद वाटते, असे म्हणावे. सौंदर्यविधान करणारा मात्र इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो आणि तसे करण्याचा त्याला अधिकार असतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) आणि ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ (१९७७) या ग्रंथांमुळे हा भेद मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा झालेला आहे.

‘सर्वांत आवडता’ हे विधान या दोहोंपैकी कोणत्या कोटीत बसते? ते निव्वळ सुखदाचे विधान नव्हे, कारण त्याला कारणांची साथ लागते. पण ते सौंदर्यविधानही नव्हे, कारण आपला आवडता खेळ इतर सर्वांचाही सर्वांत आवडता असावा, अशी अपेक्षा कोणी शहाणा माणूस धरत नाही. तो एवढीच अपेक्षा धरतो, की ऐकणाऱ्याला आपली निवड समजावी. आपल्या कारणांना त्याने मान्यता द्यावी, असे नाही. मात्र ती कारणे आहेत, लहर नव्हे, एवढे त्याने मानावे. संमती आणि समजूत यांतील हे अंतर कांटच्या द्विभाजनात नीट सामावत नाही.

ह्यूमला या अंतराची जाणीव होती. अभिरुचीच्या निकषावरील १७५७ च्या निबंधात चांगल्या रसिकाची लक्षणे सांगून झाल्यावर त्याने एक सवलत दिली आहे. निकष असला तरी स्वभाव आणि वय यांमुळे पडणारा फरक राहतोच, आणि तो निर्दोष असतो. विशीत ओव्हिड, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत कदाचित टॅसिटस, असा आवडत्या लेखकांचा क्रम त्याने दिला आहे. मित्राप्रमाणेच आवडता लेखकही आपण स्वभावाच्या मेळातून निवडतो, असे त्याचे म्हणणे आहे.

मैत्रीचा हा दृष्टान्त ह्यूमने सवलत म्हणून दिला असला तरी त्यात त्याच्या अपेक्षेपेक्षा अधिक आशय भरलेला आहे. मित्र हा जगातला सर्वश्रेष्ठ माणूस असावा लागत नाही. पण तो कोणीही चालत नाही, आणि कोणाला मित्र केले यावरून माणसाची पारख होते. मित्राच्या वागण्याबद्दल आपण काही अंशी उत्तर देणे लागतो, निदान ‘तरीही तो माझा मित्र का?’ या प्रश्नाचे उत्तर तरी द्यावे लागते. आवड आणि उत्तरदायित्व यांचा हा संबंध ह्यूमने पुढे नेला नाही. व्हिडिओ गेम तो पुढे नेण्यास भाग पाडतो.

३

खेळांतील निवड कशी होते, हे पाहण्यासाठी परस्परांपासून अत्यंत दूर असलेली दोन उदाहरणे समोर ठेवावीत. पहिले ‘टेट्रिस’चे. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेय पाझितनोव याने १९८० च्या दशकाच्या मध्यास तो तयार केला. प्रत्येकी चार चौरसांच्या सात आकृती, एकामागून एक वरून खाली येणाऱ्या. त्या फिरवून खाली अशा बसवायच्या की आडवी ओळ भरावी. भरलेली ओळ नाहीशी होते. वेग वाढत जातो. या खेळात कथा नाही, पात्र नाही, लौकिक जगाचा उल्लेखही नाही.

‘टेट्रिस’ ज्याचा सर्वांत आवडता खेळ आहे, तो कारणे देताना रचनेकडे बोट दाखवील. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची जी कल्पना मांडली, तिचे इतके निर्भेळ उदाहरण क्वचितच सापडेल. आकृतीला पोकळीशी जुळवणे, न जुळणाऱ्या आकृतीने निर्माण केलेला ताण आणि एका उभ्या पट्टीने एकदम चार ओळी नाहीशा होताना येणारी मोकळीक, एवढ्यावर हा खेळ उभा आहे. पाटणकरांनी सौंदर्यविचाराचे जे दोन ध्रुव मानले, त्यांपैकी अलौकिकतावादी ध्रुवाजवळ त्याची जागा आहे.

दुसरे उदाहरण ‘शॅडो ऑफ द कलोसस’ या जपानी खेळाचे. फुमितो उएदा याच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला हा खेळ २००५ मध्ये प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती निघाली. तो ज्याचा सर्वांत आवडता आहे, त्यालाही रचनेविषयी बरेच बोलता येईल : ओसाड प्रदेशाचा विस्तार, प्रकाशाची योजना, कोव ओतानी याचे संगीत. परंतु तो फार काळ रचनेविषयी बोलत राहू शकत नाही. थोड्याच वेळात त्याला आपण त्या खेळात काय केले, हे सांगावे लागते. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हीच बाब महत्त्वाची असल्यामुळे या खेळाचा विचार अधिक विस्ताराने करावयाचा आहे.

४

कथा म्हणून पाहिले तर तीत फारसे काही नाही. वांडर नावाचा तरुण एका मृत मुलीचा देह घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशात येतो. मुलीचे नाव मोनो. ती शापित आहे असे ठरवून तिचा बळी देण्यात आला, एवढेच कळते. ती त्याची कोण, हे सांगितले जात नाही. त्याच्याजवळ एक चोरलेली प्राचीन तलवार आहे. भव्य मंदिरात देह ठेवल्यावर डॉर्मिन नावाची अशरीर वाणी त्याच्याशी बोलू लागते. मंदिरात सोळा मूर्ती आहेत. त्या प्रत्येकीशी जोडलेला एकेक महाकाय जीव या प्रदेशात वावरतो. सोळाही मारले तर मुलगी परत येऊ शकेल. मात्र त्याची किंमत भारी असेल, असा इशाराही वाणी देते. किंमतीची पर्वा नाही, असे वांडर उत्तर देतो.

येथून पुढे खेळणाऱ्याचे काम सुरू होते. सर्वसाधारण साहसखेळांत मुख्य शत्रूपर्यंत पोहोचेतो शेकडो लहान शत्रू मारावे लागतात, वस्तू गोळा कराव्या लागतात, माणसे भेटतात. येथे त्यांतले काही नाही. एक घोडा, एक तलवार, एक धनुष्य आणि ओसाड प्रदेश. तलवार उन्हात धरली की तिच्यावरून परावर्तित होणारे किरण पुढच्या महाकायाच्या दिशेने एकवटतात. त्या दिशेने दीर्घ काळ निमूटपणे घोडा हाकायचा. पालीसारखे काही जीव, पक्षी, एखादे फळाचे झाड, एवढीच सोबत असते. या रिकामपणात खेळणाऱ्याला विचार करण्यास नको इतका अवकाश मिळतो.

मग महाकाय दिसतो. त्याच्या अंगावर दगडी बांधकामाचे भाग आहेत आणि केसही आहेत. तो इमारत आहे की प्राणी, हे ठरत नाही. त्याच्या अंगावर चढायचे, केसांना धरून वर सरकायचे, मर्मस्थान शोधायचे आणि तलवार खुपसायची. धरून राहण्यासाठी खेळणाऱ्याला एक बटण सतत दाबून ठेवावे लागते. बोट उचलले की पकड सुटते. महाकाय अंग झाडतो तेव्हा वांडर चिंधीसारखा हेलकावतो आणि खेळणाऱ्याचे बोट आपोआप अधिक जोराने बटणावर दाबले जाते, जणू जोर लावल्याने पकड घट्ट होणार आहे. बटणाला जोराची भाषा कळत नाही. ते केवळ दाबलेले असते किंवा नसते. तरीही बोट दुखते.

शेवटचा घाव बसल्यावर विजयाचे संगीत अपेक्षित असते. ऐकू येते ते शोकसंगीत. महाकाय सावकाश कोसळतो. त्याच्या देहातून काळे तंतू निघतात आणि पळू पाहणाऱ्या वांडरच्या शरीरात शिरतात. तो मंदिरात शुद्धीवर येतो, एक मूर्ती ढासळते आणि वाणी पुढच्या महाकायाचा ठावठिकाणा सांगते. प्रत्येक वधानंतर वांडरचा चेहरा थोडा अधिक निस्तेज व मलिन होत जातो. हा बदल इतका हळूहळू होतो, की बहुतेकांच्या तो बऱ्याच उशिरा लक्षात येतो.

तेराव्या महाकायाचा प्रसंग निर्णायक मानावा लागेल. वाळवंटावरून संथपणे तरंगत जाणारा हा अतिदीर्घ, पंख असलेला जीव आहे. तो वांडरवर एकदाही हल्ला करत नाही. त्याच्या पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडाव्या लागतात, म्हणजे तो खाली येतो आणि त्याचे पंख वाळूला टेकतात. मग घोडा भरधाव नेऊन त्या पंखावर उडी मारायची. अंगावर चढलेल्या माणसाला झटकण्यासाठी तो वाळूत शिरतो, इतकाच त्याचा प्रतिकार. स्वसंरक्षणाची सबब येथे संपते. पाचवा महाकायही बाण लागेपर्यंत आपल्या जागी बसूनच असतो. पण तेथे ही बाब खेळणाऱ्याच्या नजरेतून सुटून जाते, कारण पुढे झुंज होते. तेराव्याच्या वेळी ती सुटू शकत नाही.

तरीही खेळणारा बाण सोडतो. का? बारा झाले आहेत आणि सोळा व्हायचे आहेत, म्हणून. खेळाने एक संख्या दिली आहे आणि ती संख्याच आता हेतू झाली आहे. सी. थी न्गुयेन या तत्त्वज्ञाने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खेळांवरील ग्रंथात कर्तेपण हेच खेळांचे माध्यम आहे, असे प्रतिपादन केले. चित्रकार रंग योजतो तसा खेळाचा रचनाकार खेळणाऱ्याची उद्दिष्टे आणि सामर्थ्ये योजतो. खेळणारा ते कर्तेपण तात्पुरते पांघरतो. खेळातल्या उद्दिष्टांना जीवनात दुर्मिळ असलेली स्पष्टता असते, आणि त्या स्पष्टतेचा मोह धोक्याचा ठरू शकतो, असेही त्याने बजावले आहे. ‘सोळा’ हा आकडा अशा स्पष्टतेचे उत्तम उदाहरण आहे. मुलगी कोण, वाणी कोणाची, महाकायांचा अपराध कोणता, यांतले काहीही न कळता खेळणारा आकडा मोजत राहतो.

५

येथे आस्वादविचारापुढील मुख्य अडचण उपस्थित होते. करुण रसाचा आस्वाद सुखकारक कसा, या जुन्या प्रश्नाला भारतीय परंपरेने साधारणीकरणाच्या आधारे उत्तर दिले. रंगभूमीवरील शोक नटाचाही नसतो आणि प्रेक्षकाचाही नसतो. ‘माझा’ आणि ‘परक्याचा’ ही बंधने गळून पडल्यामुळेच तो आस्वाद्य होतो. अभिनवगुप्तांनी रसविघ्नांची चर्चा करताना स्वगत किंवा परगत देशकालात गुंतून पडणे आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे या दोहोंची गणना विघ्नांत केली आहे. सहृदय हा भोक्ता आहे, कर्ता नाही. सांख्यांच्या पुरुषासारखी काहीशी त्याची स्थिती असते : भोगणारा, पण न करणारा.

‘शॅडो ऑफ द कलोसस’ खेळणाऱ्याची ही सोय काढून घेतो. तेरावा महाकाय वाळूवर कोसळतो तेव्हा जाणवणारा शोक पूर्णपणे साधारणीकृत होत नाही, कारण बाण त्याच्याच बोटाने सुटलेला असतो. ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाला ‘वांडरने’ हे उत्तर बरोबर असूनही अपुरे वाटते. परंपरेने ज्याला रसाचे विघ्न मानले, ते येथे अनुभवाचे द्रव्यच झाले आहे. याचा अर्थ रससिद्धान्त खोटा ठरला, असा नव्हे. प्रेक्षकाच्या अनुभवाचे वर्णन म्हणून तो कायम राहतो. एवढेच म्हणता येईल, की कर्त्याच्या आस्वादाचे वर्णन करण्यासाठी तो रचलेला नव्हता.

बर्नार्ड विल्यम्सने नैतिक दैवावरील १९७६ च्या निबंधात एका विशिष्ट भावनेकडे लक्ष वेधले होते. स्वतःची काहीही चूक नसताना ज्याच्या ट्रकखाली मूल सापडले, त्या चालकाला होणारे दुःख रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या दुःखापेक्षा वेगळे असते. आपण त्याची समजूत घालतो, तुझा दोष नाही असे सांगतो. पण तो जर फार लवकर समजूत पटवून घेऊन त्रयस्थासारखा वागू लागला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी काहीतरी खटकते. या भावनेला ‘कर्त्याचा खेद’ म्हणता येईल. ती अपराधाची भावना नव्हे. आपल्या हातून काही घडले, या वस्तुस्थितीशी ती जोडलेली असते. कथा, नाटक, चित्रपट यांत या खेदाचे चित्रण होऊ शकते. तो खेद आस्वादकामध्येच निर्माण करणे मात्र त्यांच्या माध्यमाला बहुधा शक्य होत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की पडद्यावर कोणीही मेलेले नाही. प्रकाशाच्या ठिपक्यांसाठी खेद करणे भाबडेपणाचे आहे. हाइझिंगाने १९३८ मध्ये खेळाला नित्यव्यवहारापासून वेगळे काढलेले क्षेत्र मानले. त्या क्षेत्रातली कृत्ये बाहेरच्या मापाने मोजू नयेत. हा आक्षेप मान्य केला तरी त्यातून निष्पन्न होते ते एवढेच, की खेळणारा दोषी नाही. ट्रकचालकही दोषी नव्हता. प्रश्न दोषाचा नसून ज्ञानाचा आहे. आकडा पुरा करण्यासाठी आपण निरुपद्रवी जिवाच्या अंगावर जातो, आणि जाताना आपले मन कौशल्यात इतके गुंतलेले असते की थांबण्याची आठवण होत नाही, हे कळणे काल्पनिक नाही. ज्याला ते कळले, तो माणूस खराच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खेळाने पर्यायच ठेवलेला नाही, तेव्हा कर्तेपण कसले? महाकायाचा मृत्यू रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेला आहे, खेळणारा निमित्तमात्र. चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्टने २००५ मध्ये नेमकी उलट तक्रार केली होती : खेळांत निवड खेळणाऱ्याच्या हाती जाते, लेखकाचे नियंत्रण राहत नाही, म्हणून ते गंभीर साहित्याच्या किंवा चित्रपटाच्या पंक्तीला बसू शकत नाहीत. या दोन्ही भूमिका कर्तेपण आणि निवड यांना एकच मानतात. प्रस्तुत खेळात कथेवरचे लेखकाचे नियंत्रण जवळजवळ संपूर्ण आहे, शेवट एकच. पण कृती मात्र खेळणाऱ्यावाचून घडत नाही. काय घडणार हे ठरलेले आहे. ते घडवणारा हात ठरलेला नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात निमित्त होण्याचा जो उपदेश आहे, तो युद्धापूर्वी केलेला आहे आणि त्यानंतरही धनुष्य अर्जुनालाच उचलावे लागते. खेळणारा ‘मी निमित्त होतो’ असे म्हणतो ते मात्र नंतर, आणि सबब म्हणून. शिवाय एक पर्याय त्याच्याजवळ अखेरपर्यंत असतोच : यंत्र बंद करणे. तो पर्याय खेळाच्या नियमांत लिहिलेला नाही, म्हणून तो पर्याय नाही, असे समजणे हे आज्ञापालनाचे फार जुने तर्कशास्त्र आहे.

खेळाचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पंधरा वध झाल्यावर, अखेरच्या महाकायाकडे जाताना पूल कोसळतो. घोडा आपल्या स्वाराला पलीकडे फेकतो आणि स्वतः दरीत पडतो. सोळावाही मारला जातो. तेव्हा उलगडते, की सोळा महाकाय हे डॉर्मिनच्या विभागून कोंडलेल्या सत्तेचे अंश होते आणि वांडरने त्याला मोकळे केले आहे. पाठलागावर आलेला एमोन मंदिराच्या कुंडात तलवार टाकून सर्व काही पुन्हा बंदिस्त करतो. उसळलेल्या भोवऱ्याकडे वांडर खेचला जात असताना खेळ नियंत्रण पुन्हा खेळणाऱ्याच्या हाती देतो. पायऱ्यांना धरता येते, मुलीच्या देहाकडे काही पावले धावता येते, पुन्हा धरता येते. सुटता मात्र येत नाही. खेळणाऱ्याने कितीही कौशल्य दाखवले तरी फरक पडत नाही. तरीही बहुतेक जण बटण सोडत नाहीत. ज्या पकडीने सोळा जीव मारले, तीच पकड येथे निरुपयोगी होऊन हातात उरते. मुलगी जागी होते. लंगडणारा घोडा परत येतो. कुंडात शिंगे असलेले एक तान्हे मूल सापडते. वाणीने दिलेले वचन पाळले गेलेले असते, आणि किंमतीविषयीचा इशाराही खोटा नव्हता.

६

हा खेळ सर्वांत आवडता म्हणून निवडणे याचा अर्थ आता काय होतो? ज्या कृतीत आपल्याला खेद झाला ती आवडते, असे म्हणणे विसंगत नाही काय?

ही विसंगती पुनःखेळाच्या संदर्भात सर्वांत तीव्र होते. ‘सर्वकाळचा’ या विशेषणाला काही अर्थ असेल तर तो पुन्हा पुन्हा परतण्यात शोधावा लागतो. एकदाच खेळलेल्या खेळाला सर्वकाळचा आवडता म्हणणे घाईचे ठरेल. शोकात्मिकेचा नायक अज्ञानात कृती करतो आणि ज्ञान झाल्यावर कोसळतो. पहिल्यांदा खेळणाराही अज्ञानातच खेळतो. दुसऱ्यांदा मात्र त्याला सर्व ठाऊक असते. तेरावा निरुपद्रवी आहे, घोडा दरीत पडणार आहे, वाणी काय साधू पाहते आहे, हे माहीत असूनही तो मुलीचा देह मंदिरात ठेवतो आणि तलवार उन्हात धरतो. आता अज्ञानाची सबब नाही, उत्सुकतेचीही नाही. राहते ती आवड, आणि तिला उत्तर द्यावे लागते.

उत्तरे वेगवेगळी असू शकतात. माइक बाइंडरच्या ‘रेन ओव्हर मी’ (२००७) या चित्रपटातील नायकाची पत्नी आणि मुली ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात मरण पावल्या आहेत. तो घरात बसून हाच खेळ खेळत राहतो. मृत व्यक्ती परत यावी म्हणून काहीही करण्यास तयार असलेल्या तरुणाची कथा त्याला का धरून ठेवते, हे सांगावे लागत नाही. त्याची निवड त्याच्या जीवनातून कळते, पण केवळ जीवनातून नव्हे. ‘टेट्रिस’ खेळूनही माणूस दुःख विसरू शकला असता. याच खेळातील धरून राहण्याच्या क्रियेत त्याला आपल्या दुःखाचा आकार सापडतो. कृतीचा गुण आणि निवडणाऱ्याचे जीवन ही दोन स्वतंत्र कारणे नसून एकाच कारणाची दोन टोके आहेत, हे या उदाहरणावरून दिसते.

ज्याला असे दुःख नाही, त्याचे उत्तर निराळे असेल. त्याला कदाचित असे म्हणावे लागेल, की इतर शेकडो खेळांनी आपल्याला मारण्याचे कौशल्य शिकवले आणि त्याबद्दल शाबासकी दिली; या एका खेळाने ते कौशल्य तितकेच उत्तम शिकवले, पण शाबासकी दिली नाही. कौशल्याचा आनंद खरा होता आणि त्याची किंमतही खरी होती. दोहोंपैकी एकही खोटे ठरवण्याची सोय या खेळाने ठेवली नाही. परतून जायचे ते पुन्हा मारण्यासाठी नव्हे, असे म्हणून तो सुटू शकत नाही, कारण परतल्यावर तो मारतोच. आपल्याला दोन्ही हवे असते, आनंदही आणि त्याचा हिशेबही, एवढे तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

येथे श्रेष्ठ आणि आवडता यांतील भेद स्पष्ट होतो. श्रेष्ठतेच्या विधानात बोलणारा कृतीविषयी साक्ष देतो. साक्षीदार बदलला तरी साक्ष टिकली पाहिजे. ‘टेट्रिस’ हा रचनेच्या दृष्टीने अधिक निर्दोष खेळ आहे, हे विधान ‘शॅडो ऑफ द कलोसस’ ज्याचा आवडता आहे तोही करू शकतो, आणि त्यात काही विसंगत नाही. आवडीच्या विधानात बोलणारा कृतीबरोबर स्वतःलाही साक्षीला उभा करतो. म्हणूनच त्या विधानाला संमती लागत नाही, पण समजूत लागते. ऐकणाऱ्याने ‘मलाही तोच आवडतो’ असे म्हणण्याची गरज नाही. ‘तुला तो का आवडतो ते कळले’ एवढे त्याने म्हटले की पुरे. आणि एखादेवेळी ‘कळले, म्हणूनच काळजी वाटते’ असेही तो म्हणू शकतो. आवड जर निव्वळ खाजगी असती तर या शेवटच्या वाक्याला अर्थच उरला नसता.

साहित्याच्या अभ्यासकाला यातून काही घेता येण्यासारखे आहे काय? वाचक हा निव्वळ भोक्ता आहे, हे गृहीत वाचनव्यवहारातही तपासून पाहावे, असे निश्चितच वाटते. पान उलटणाराही वाचकच असतो. कादंबरीतील क्रूर प्रसंगाकडे अधीरतेने धावणारी नजर कोणाची, खलनायकाच्या शिक्षेची वाट पाहणारे मन कोणाचे, हे प्रश्न वाचकाला क्वचित विचारले जातात, कारण त्याचे बोट कोणत्याही बटणावर नसते. खेळाने हे बोट दृश्यमान केले. आवडत्या कादंबरीचे नाव सांगणाऱ्याकडूनही तिच्या गुणांच्या यादीपलीकडे, ती वाचताना आपल्याला काय हवे होते, याचा जबाब मागता आला पाहिजे.

‘कारण’ या शब्दाने सुरू होणारे ते वाक्य, ज्यापासून हे विवेचन सुरू झाले, ते म्हणूनच कृतीचे समर्थन करून संपत नाही. ते बोलणाऱ्यावर येऊन थांबते. आवड सांगणे सोपे असते ते ऐकणाऱ्याने पुढे काही विचारले नाही तरच.